अर्ध्या लिटरचं माप

आवाज झाला तो सकवारबाईला आधी नाचणीच्या काडाचाच वाटला. वाळलेलं काड गुडघ्यावर मोडावं तसा, बारीक आणि कोरडा. मग रत्नाच्या हातातली बादली सुटली, दूध गोठ्याच्या गटारीतून शेणामुतात मिसळत निघालं, आणि सकवारबाईच्या तोंडून पहिला शब्द गेला तो दुधासाठीच.

"अगे, दूध! दूध धर!"

रत्नानं दूध धरलं नाही. तिनं आपला डावा हात उजव्या हातानं धरला होता. मनगट आणि कोपर यांच्या मधेच तो वाकला होता, माणसाच्या हाताला जिथं सांधा नसतो तिथं.

समोर तिचा नवरा, सकवारबाईचा मुलगा दामोदर उभा होता. त्याच्या हातात दूध मोजायचं माप होतं. अर्ध्या लिटरचं, ॲल्युमिनियमचं, लांब दांडीचं.

"नाटक बंद कर," तो म्हणाला. "मापानं कुणाचा हात मोडतो?"

रत्ना ओरडलीसुद्धा नाही. कबरी गाईच्या पोटाला टेकून ती हळूहळू खाली बसली, आणि बसल्या जागी ओकली.

दामोदर तसा रोज मारणारा नव्हता, असं सकवारबाई चारचौघांत सांगायची. म्हणजे एक दिवसाआड मारायचा. या उन्हाळ्यात मात्र रोजाचं झालं होतं. बोअरला चैत्रातच फुफाटा लागला. टँकरचं पाणी आधी शेजारच्या काचेच्या टॉवरांना, उरलं तर के. आर. पुरमच्या मागल्या अंगाला राहिलेल्या ह्या एकुलत्या गोठ्याला. अकरा गाई, पाण्यासाठी जिभा बाहेर काढून उभ्या. तळ्याकाठचं गवत जळालेलं. त्यात काल जयनगरला चुलतभावाकडं बारसं झालं, आणि तिथं भरल्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "दामोदरअण्णा, तुमच्या गाई वरसाला वितात, मंग घरातच का हो दुष्काळ?" सगळे हसले. दामोदरही हसला. ते हसणं त्यानं घरापर्यंत दाबून आणलं होतं.

"बारा वरसं झाली," त्यानं धार काढता काढता सुरू केलं होतं. "एक पोरगी टाकलीस आन् बसलीस. गाय भाकड निघाली तर मी इकतो. तुला कुठं इकू?"

रत्नानं उलट उत्तर केलं नव्हतं. नुसतं म्हणाली होती, "बाजूला सरा, बादली जड हाय." तेवढ्याला मापाचा फटका.

सकवारबाईनं पदर खोचला. गोठ्यातलंच जुनं पोतं फाडलं, खराट्याच्या काड्या जुळवल्या आणि वासराचा पाय बांधतात तसा सुनेचा हात बांधला. बांधताना रत्नाचे दात वाजत होते. तिनं सासूकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते सकवारबाईला पक्कं कळलं, म्हणून तिनं मान खाली घालून गाठ आणखी आवळली.

*

दवाखान्यात दोघींना टेम्पोतून उतरवून दामोदर टँकरची सोय बघायला गेला, तेवढ्यात नर्सनं कन्नडात विचारलं, कसं लागलं? रत्नानं तोंड उघडायच्या आत सकवारबाई बोलून गेली.

"गाईनं लाथ मारली."

नर्सनं लिहून घेतलं. एवढ्या वर्षांत सकवारबाईनं पुष्कळ खोटं पचवलं होतं, पण हे पचलं नाही. कबरीनं जन्मात पाय उचलला नव्हता. सड कापले तरी ती गाय उभीच राहायची.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं फोटो उजेडाला धरला, मग दुसरा काढायला लावला, मग कसल्याशा यंत्राखाली रत्नाला निजवून कंबर आणि पाठ तपासली.

"वय किती म्हणालात?"

"छत्तीस," रत्ना म्हणाली.

"हाडं सत्तरीची आहेत. कसली औषधं चालू होती? बरीच वर्षं?"

रत्नानं सासूकडं बघितलं. मग रत्ना खालच्या आवाजात म्हणाली, "सुई. पोर होऊ नये म्हणून. तीन महिन्यांला एक."

"किती वर्षं?"

"अकरा."

डॉक्टरणीनं लिहिता लिहिता हात थांबवला. "मधे कुणी हाडं तपासली? दोन वर्षांनी थांबून विचार करू, दुसरं काही घेऊ, असं कुणी म्हणालं?"

"न्हाई."

"डोकं दुखतं?"

"त्ये तर रोजचंच."

"डोक्याचाही फोटो काढून घेऊ," ती म्हणाली. "घाबरू नका. एवढी वर्षं ही सुई घेतलेल्या काही बायकांच्या डोक्यात गाठ सापडली आहे. बाहेरच्या देशांत बायका त्यावरून कोर्टात गेल्यात. तुम्हाला असेलच असं नाही. पण बघायला पाहिजे."

डोकं साफ निघालं. हाडं मात्र नाही. दामोदर परत आला तेव्हा दोघी सासू-सुना काही झालंच नाही अशा बसलेल्या होत्या, संतेतून, आठवडी बाजारातून परतताना बसायच्या तशा.

कारण ती सुई संतेच्याच दिवशी व्हायची. मुलीच्या, हर्षिताच्या वेळी रत्ना रक्तानं अंथरूण भिजवून मरता मरता वाचली. दुसरं पोर हिला झेपायचं नाही, असं सुईणीनं आणि डॉक्टरांनी दोघांनी सांगितलं होतं. ऑपरेशनला दामोदर तयार होईना. त्याला मुलगा हवा होता. तेव्हा सकवारबाईनंच स्टेशनाजवळचं नर्सिंग होम शोधलं. सुईची खूण राहत नाही, कुणाला कळत नाही. भाजीची पिशवी घ्यायची, सुनेला हाताला धरायचं आणि मंगळवारच्या संतेला जातो म्हणून निघायचं. सून वाचेल, हे खरं. आणि गोठ्यातले दोन हात बाळंतपणात अडकायचे नाहीत, हेही तितकंच खरं. यातलं कुठलं खरं आधी आलं, हे सकवारबाईनं स्वतःला कधी विचारलं नाही.

अकरा वर्षं दामोदर बायकोला एका पोरीवर वांझ झाली म्हणून मारत होता. आणि अकरा वर्षं सकवारबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती.

*

सुयांचा जाब विचारायला गेलेल्या सकवारबाईला नर्सिंग होममध्ये बाहेरच्या बाकावर दोन तास बसवलं. शेजारच्या बाईनं नाकाला रुमाल लावला.

"शेणाचा वास हाय," सकवारबाई तिला म्हणाली. "तू सकाळी कॉफी पिलीस न्हवं? त्यात बी थोडा आसंल."

खिडकीतल्या पोरीनं सांगितलं, दोन वर्षांपलीकडचं रजिस्टर नाही. सुया दिल्या असतील, नसतील. मग मोठ्या डॉक्टरीणबाई आतून आल्या. सोन्याच्या चष्म्याच्या, गोड बोलायच्या.

"अम्मा, आम्ही काय घरून उचलून आणली होती का तिला? तुम्हीच आणत होतात. हाताला धरून."

सत्तरीच्या सकवारबाईनं पदर डोक्यावर ओढला. ती उन्हातून चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी टॉवरात दूध घालायला तीच गेली. एरवी रत्ना जायची. नवव्या मजल्यावर सुचेता राहायची. पुण्याची, वकील, नवरा कंप्युटरात. तिनं रत्नाची चौकशी केली.

"गाईनं मारलं? आजी, ॲक्च्युअली, फ्रॅक्चर कसं आहे? सिरीयस आहे का?"

"मराठीत बोल पोरी. इंग्रजी माझ्या गाईंना बी येत न्हाई."

मग दारातच बसून सकवारबाईनं सुईचं सगळं सांगितलं. मापाचं सोडून सगळं. सुचेतानं ऐकलं. ती म्हणाली, सुई दिली हा गुन्हा नाही. पण धोका सांगितला नाही, तपासलं नाही, अकरा वर्षं टोचत राहिले, हा आहे. ग्राहक आयोगात दावा लावता येईल. रत्नाच्या नावानं.

"पण रेकॉर्ड पाहिजे, आजी. कधी कधी दिली, तारखा. काहीतरी लिहिलेलं असेल ना?"

"हाय की," सकवारबाई म्हणाली. "भिंतीवर."

सुचेता त्याच दिवशी गोठ्यात आली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. मागल्या भिंतीवर कावेनं ओढलेल्या खुणांच्या रांगा होत्या. सकवारबाईला आपल्या नावापलीकडं लिहिता येत नव्हतं; तिनं आपलीच रीत बसवली होती. प्रत्येक गाईची एक रांग. शिंग काढलं म्हणजे गाय भरवली, बिंदू म्हणजे वेत झालं, आडवी रेघ म्हणजे लस. महिन्यांसाठी सणांच्या खुणा: ऊस, पतंग, दिवा. दर संक्रांतीला गोठ्याला चुना लागायचा, ही भिंत तेवढी सोडून. सगळ्यांत खालच्या रांगेत शिंग नव्हतं, बिंदू नव्हता. नुसत्या बांगड्या. गोल, गोल, गोल. चव्वेचाळीस.

सुचेतानं वाकून त्या मोजल्या. "गाईंच्या खाली?" तिनं विचारलं.

"जागा तितंच हुती," सकवारबाई म्हणाली, आणि म्हणताना तिला आपलाच आवाज आवडला नाही.

रत्ना दाराशी गळ्यात हात बांधून उभी होती. ती पुढं आली. उजव्या हाताचं बोट तिनं सोळाव्या बांगडीवर ठेवलं, थोडा वेळ ठेवलं आणि काढून घेतलं. सकवारबाईनं दुसरीकडं बघितलं. सोळाव्या सुईचं दोघींनाही आठवत होतं.

सुचेतानं मोबाइलवर फोटो काढले. शेवटचा निघत असतानाच दामोदर टँकरवाल्याशी भांडून आत आला.

"काय चाललंय? त्या बांगड्या कसल्या? आई, मी इचारलं तवा तू म्हणालीस, इकलेल्या गाईचं हाय."

उत्तर रत्नानं दिलं.

"माझं हाय. सुयांचं. पोर होऊ नये म्हणून घेतलेल्या."

दामोदर आधी हसला. त्यानं भिंतीकडं बघितलं, पुटपुटत मोजायला लागला, आणि अर्ध्यातच त्याचा चेहरा लालबुंद झाला. कोपऱ्यातली कुदळ त्यानं उचलली ती थेट भिंतीवर घातली. गिलावा उडाला. दुसरा घाव, तिसरा. गाई दावी ताणून हंबरायला लागल्या, एकीनं खुंटा उपटला. "वांझ म्हणून थुकले लोक माझ्या तोंडावर! माझ्या!" बांगड्यांच्या रांगेचे ढपले पडले. मग तो कुदळीसकट रत्नाकडं वळला.

सुचेता किंचाळली. रत्ना हलली नाही. भिंतीला पाठ लावून तिनं प्लास्टरचा हात तोंडापुढं धरला.

सकवारबाईच्या हाताशी शेण ओढायचं लोखंडी फावडं होतं. तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि आपल्या पोटच्या पोराच्या खांद्यावर घातलं, पात्याच्या चपट्या बाजूनं, ताकदीनं. तो गुडघ्यावर आला. कुदळ सुटली. तिनं दुसऱ्यांदा उचललं. त्याच्या भुवईवर बसलं, कातडी उघडली आणि रक्त डोळ्यात उतरलं.

"आई," तो म्हणाला. लहानपणी पडला की म्हणायचा तसा.

"ऊठ," ती म्हणाली. छाती भात्यासारखी चालली होती. "ऊठ आन् चालता हो. परत आत आलास तर धार वापरीन."

तो रक्त पुसत, शेणात घसरत बाहेर गेला. फावडं हातातून सुटेना, तेव्हा रत्नानं येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली.

*

दामोदर चामराजपेटला चुलत्याकडं दोन महिने राहिला. दावा दाखल झाला, नर्सिंग होमला नोटीस गेली. भरपाई मिळण्यासारखी आहे हे चुलत्याकडं कळलं, तसा एका सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून परत आला. भुवईवर टाक्यांची रेघ. आईच्या पाया पडला. कडबा स्वतः कापला. रत्नाला "अहो" म्हणाला. ती आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

"झालं गेलं, आई," तो म्हणाला. "मी कोर्टाला टेम्पोनं नेतो. दवाखान्यात गाईनं मारल्याचं लिवलंय न्हवं? त्येच चालू द्या."

नर्सिंग होमच्या वकिलाचं उत्तर आलं तेव्हा सुचेतानं त्यांना कोर्टाजवळच्या नोटरीच्या खोलीत बोलावलं. सकवारबाईची साक्ष प्रतिज्ञापत्रावर द्यायची होती. टॉवरातलं दूध घालून ती तशीच आली होती. किटली आणि पिशवी पायाशी. खोली अरुंद, वर पंखा गरगरतोय, टेबलावर कागद. दामोदर खुर्चीत, रत्ना भिंतीशी उभी, हात आता प्लास्टरबाहेर पण काठीसारखा वाळलेला.

"आजी, एक अडचण आहे," सुचेता म्हणाली. "ते म्हणतात, गाईची लाथ लागली तर पैलवानाचंही हाड मोडेल. मग सुईचा काय दोष? सगळा दावा इथं अडतोय. लाथ कितपत जोरात होती?"

"स्वल्पच हुती," दामोदर मधेच म्हणाला. "हलकी लाथ."

"अण्णा, हलकी लाथ असं गाईला विचारून लिहिता येत नाही." सुचेता रत्नाकडं वळली. "तू सांग."

रत्नानं सासूकडं बोट केलं. "अत्तेंनी सांगितलंय त्ये. त्येंनाच इचारा."

नोटरीनं पेन पुढं केलं. कागदावर कन्नडात ओळी छापलेल्या होत्या.

"वाचून दाखीव," सकवारबाई म्हणाली. "मराठीत."

सुचेतानं वाचलं. सून धार काढत होती, गाईनं लाथ मारली, हात मोडला.

सकवारबाईला कबरी दिसली, रत्ना पोटाला टेकून ओकत असताना पाय न हलवता उभी राहिलेली. मग तिनं वाकून पिशवीत हात घातला आणि अर्ध्या लिटरचं माप काढून नोटरीच्या टेबलावर ठेवलं. तळाला दुधाचे दोन थेंब होते.

"कबरीनं कुणाला मारलं न्हाई," ती म्हणाली. "मुक्या जनावरावर मी आळ घेतला, त्ये खोड. ह्यानं मारलं. माझ्या पोरानं. ह्या मापानं. हातात घे, बघ. कुठं पोचा पडलाय? ह्या मापाला पोचा पडला न्हाई, आन् तिचं हाड मोडलं. आता इचार त्या वकिलाला, पैलवानाचं मोडलं आसतं का."

"आई!" दामोदर उठला. खुर्ची मागं आपटली.

"बस. न्हाईतर जा. तुझ्याबद्दलचं संपलं, आता माझ्याबद्दलचं सांगायचंय."

"आजी, थांबा," सुचेता घाईनं म्हणाली. "हे लिहिलं तर दावा उभा राहील. पण तुमच्या मुलावर पोलीस केस होईल. आणि ते तुम्हालाही सोडणार नाहीत. म्हणतील, सासूनंच सुई घ्यायला लावली."

"खरं हाय की त्ये." सकवारबाई टेबलाकडं बघून बोलत होती. "पैली सुई तिनं मरणाच्या भयानं घेतली. सोळावीला ती पायरीवर बसली हुती. म्हणाली, अत्ते, आता पुरे, डोकं फुटतं, पाय दुखत्यात, आता नको. मी म्हणाले, कबरीचं वेत होऊ दे, मंग बघू. हाताला धरून आत नेलं. कबरीचं वेत झालं. त्येच्यामागं अठ्ठावीस सुया झाल्या. आन् हा वांझ म्हणून मारायचा तवा मी भाकरी थापायचे. त्या नर्सिंग होमचं नाव लिवलंस, डॉक्टरणीचं लिवलंस. त्येच्याखाली जागा हाय न्हवं? तिथं माझं लिव."

दामोदर दारापर्यंत गेला, थांबला, मागं वळून कुणाला तरी शिवी दिली, कुणाला ते त्यालाही माहीत नसावं. मग जिन्यावर त्याचे पाय वाजले, आणि खाली टेम्पो सुरू होऊन निघून गेला.

सुचेतानं नवीन कागद करून आणला. ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. सकवारबाईनं पेन घेतलं. स्वतःचं नाव लिहायला तिला नेहमीच वेळ लागायचा. आज तर पंख्याच्या वाऱ्यानं कागद सारखा उडत होता. 'स' काढला तो वाकडा गेला.

रत्ना भिंतीपासून पुढं आली. तिनं मोडलेला हात कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. कागद थांबला. हात दुखत असणार. ओठ आवळलेले होते.

"अत्ते," ती म्हणाली, "उद्यापासनं मी गोठ्यात येणार न्हाई."

सकवारबाईनं मान वर केली नाही.

"सरी, बरं हाय," ती म्हणाली, आणि पुढचं अक्षर काढायला लागली.